दोनानंतर चार

आमच्या घरात मोजायला काही नव्हतं. म्हणजे वस्तू पुष्कळ होत्या, पण मोजायची परवानगी असलेली त्यात एकही नव्हती.

दुरडीतल्या भाकरी मोजायच्या नाहीत. मोजल्या की पुरत नाहीत. खुडूक कोंबडीखालची अंडी मोजायची नाहीत, नासतात. वेलावरच्या कोवळ्या काकड्यांकडे बोट करायचं नाही, कुजतात. चांदण्या मोजायच्या नाहीत. अंगावर चामखिळी उठतात. आणि माणसांची डोकी, त्यातून पोरांची, मोजण्याचं तर नावच काढायचं नाही. हे सगळे कायदे माझ्या सासूबाईंचे, धोंडाबाईंचे. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण कायदा त्यांना कलमांसकट पाठ आहे.

अशा घरात मला माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला वीसपर्यंत मोजायला शिकवायचं होतं. तेही पौष महिन्याच्या आत.

त्याचं असं झालं. बासष्ट साली आमच्या गावात बालवाडी निघाली. ती आणली माझ्या सासऱ्यांनी, हैबतरावांनी. मामंजी ग्रामपंचायतीत पंच आहेत. लहान मुलांवरच्या मायेपोटी त्यांनी ती आणली असं कोणी समजू नये. नदीपलीकडच्या गावात बालवाडी आधी निघाली, हे त्यांना सोसलं नाही. देवळाची ओसरी सारवून घेतली, भिंतीला फळा टांगला, आणि रत्नाबाई नावाच्या बाई पौडाच्या बाजूनं रोज अडीच मैल चालत यायला लागल्या.

माझी लेक गोजरा पहिल्या दिवसापासून जात होती. घरी आली की मला समोर बसवायची, हाताची घडी घालायला लावायची, आणि रत्नाबाईंच्या आवाजात म्हणायची, "गप्प बसा बरं. मी सांगेन तेव्हाच बोलायचं." सासरी मला गप्प बसायला पुष्कळांनी सांगितलं होतं, पण इतक्या प्रेमानं कोणी नाही. मी गप्प बसायचे. ती फळकुटावर कोळशानं रेघा ओढायची आणि मधूनच वळून बघायची, मी बसले आहे ना म्हणून.

आश्विनात भाताची कापणी तोंडावर आली आणि आत्याबाईंना पाळणा आठवला. आमचा भिकू तेव्हा चार महिन्यांचा होता.

"सून कापनीला जानार, मी भाकरी घिऊन जानार," त्या जेवणं चालू असताना म्हणाल्या. "पाळना कुनी हालवायचा? ही साडेचार वर्साची घोडी देवळात बसून गानी म्हनतीया. बास झालं आता. कापनी झाली तरी कामं काय सपत्यात व्हय? ऱ्हाऊ दे घरातच."

मामंजींची पंचाईत झाली. पंचाची नातच बालवाडीत नाही म्हटल्यावर नदीपलीकडचे हसणार. आणि आत्याबाईंना नाही म्हणायचं तर रात्रीचं कालवण कसं होईल, याचा भरवसा नाही. दोन्ही बाजूंनी विचार केल्यासारखं दाखवून त्यांनी मिशीवरनं हात फिरवला.

"पौषात तपासनीला सायब येनार हायती," ते म्हणाले. "कापनी सरंपतुर पाळना शेजारच्या कोंडिबाची म्हातारी बघंल. सायबाच्या म्होरं पोरगीनं इसापतुर बिनचूक मोजून दावलं, तर बालवाडी. न्हाई जमलं, तर पाळना. मंजूर?"

"मंजूर," आत्याबाई म्हणाल्या. "बिनचूक म्हंजी बिनचूक. मागनं कुरकुर ऐकायची न्हाई मी."

मला कोणी विचारलं नाही. ह्यांनाही नाही. हे ताटात बघत होते. ह्यांचं मत विचारलं तर हे 'बघू' म्हणतात आणि मग खरोखरच बघत बसतात.

मी मनात म्हटलं, तीन महिने आहेत. मी पौडाच्या शाळेत सातवी पास झालेली. वीसपर्यंत मोजायला काय लागतं?

दुसऱ्याच दिवशी कळलं काय लागतं ते. मोजायला काहीतरी वस्तू लागते.

मी गोजराला चुलीपुढं घेऊन बसले. "ही बघ, ही एक, ही दो..."

"ठिव ती दुरडी खाली," आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

मग मी तिला कोंबडीकडे नेलं. कोंबडीच्या आधी आत्याबाईच ओरडल्या. शेवटी मी नदीवरून चांगले गुळगुळीत वीस खडे निवडून आणले. खड्यांबद्दल कायदा नव्हता. चार दिवस फार छान गेले. पाचव्या दिवशी गोजरानं आपले खडे निसून ठेवलेल्या तांदळाच्या सुपात नीट मांडून ठेवले, का तर ते पांढऱ्यावर चांगले दिसतात. रात्री ह्यांच्या दाढेखाली एक खडा आला.

"काय हाय ह्ये?" हे तोंडातून काढून म्हणाले.

गोजरानं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "सहावा हाय, आबा," ती म्हणाली.

तेव्हापासून खड्यांबद्दलही कायदा झाला.

मामंजींना मात्र नातीच्या अभ्यासाची भारी काळजी. खळ्यावर भात मोजायला बसले की ते तिला मांडीशी घ्यायचे. पहिली पायली ओतताना आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं तर धान्य एकावरच थांबतं म्हणे. चार दिवस खळ्यावर बसून गोजरा घरी आली ती 'एक' विसरूनच.

"लाभ नाही गं, एक म्हणायचं," मी म्हटलं.

"आजोबा म्हंत्यात."

"आजोबा भात मोजतात. तू नुसतं मोजतेस."

तिला हा फरक पटला नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आला नाही. मामंजींकडे तक्रार केली, तर म्हणाले, "तुमच्या पौडात एकानं सुरू करत असतील. म्हनूनच तितं पिकत न्हाई."

शेवटी मला सापडली ती बोटं. हाताची दहा, पायाची दहा. देवानं वीसच दिलीत आणि मोजून दिलीत, त्यावर आत्याबाईंना काही बोलता येईना. दुपारी भिकू झोपला की तासभर घर शांत असायचं. मी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, गोजराला समोर पाय पसरून बसवायची, आणि ती एकेका बोटाला हात लावायची. हाताची बोटं कोळशानं आणि कशाकशानं बरबटलेली, पायाची धुळीनं. तिच्या डाव्या पायाच्या करंगळीचं नख तांदळाच्या कणीएवढं आहे. मोजत मोजत ती तिथं पोचायची आणि दरवेळी अडकायची.

"हे बोट उरलं, आई."

"उरलं कसं?"

"वीस झालं की. ह्याला नाव न्हाई." आणि मग विचार करून, "हे नंतर उगवलं असंल."

दोन दिवस मला कळेना. तिसऱ्या दिवशी मी नीट कान देऊन ऐकलं. लाभ, दोन, चार, पाच, सहा. तीन नाहीच.

"गोजरा, दोननंतर काय?"

"चार."

"तीन कुठं गेलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वाईट बोलले. "तीन घेत न्हाईत," ती हळूच म्हणाली. "आजी घेत न्हाई."

मग माझ्या ध्यानात आलं. आत्याबाई कोणाच्याच ताटात तीन भाकरी पडू देत नाहीत. गडी असो, पाहुणा असो. एक, दोन, नाहीतर तिसरीचे दोन तुकडे करून चार. 'दोन झाल्या, आता चार कर' हे त्या दिवसातून दहा वेळा म्हणतात. गोजरा बोलायला शिकली ती त्यांच्या चुलीपाशी बसून. बाईंनी शिकवलेलं तीन तिला ठाऊक होतं, खळ्यावरचंही ठाऊक होतं. ठाऊक असून ती ते सोडत होती, जसं आपण वाटेतलं शेण सोडून पाय टाकतो.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी सरळ आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, तुम्ही सगळं मोजायचं बंद केलंत, ते चाललं. पण आकडाच बंद केलात. पोरगी तीन म्हणत नाही. पाळणा हलवायला पोर पाहिजे म्हणून का?"

त्या लसूण सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"माझं तिसरं कुशाबा," त्या म्हणाल्या. "एक्कावन साली शिरगनतीवाला आला हुता. दारात हुबा ऱ्हायला आन् बोटानं मोजली पोरं. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर बोट ठिवलं आन् म्हनला, ह्याचं वय? म्या सांगितलं, पाच. त्यानं लिवलं. आठ दिसांत देवी आल्या." त्यांनी पाकळीवरचं साल फुंकून उडवलं. "लिवलेलं तसंच असंल कुटंतरी. तीन पोरं."

हे मामंजींना ठाऊक होतं, ह्यांना ठाऊक होतं, अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सहा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी माहेरी गेले की आत्याबाईंच्या कायद्यांच्या नकला करून सगळ्यांना हसवत होते. मी खाली बसले आणि त्यांच्यापुढचा एक लसणीचा गड्डा सोलायला घेतला.

पण पौष काही थांबणार नव्हता. संध्याकाळी मी गोजराला मांडीवर घेतलं.

"आजीपुढं तीन नको घेऊस," मी म्हटलं. "पण साहेब विचारतील तेव्हा घे. तेवढं एकदा. मी मान हलवीन, मग घे."

"आजीला राग येईल?"

"आजीला मी सांगेन."

"बरं," ती म्हणाली. पण तिचं 'बरं' तिच्या वडिलांच्या 'बघू'सारखंच आहे.

मार्गशीर्षात साहेबांचं पत्र आलं. तपासणीला येतो, आणि वीसच्या खाली मुलं असली तर बालवाडी बंद करून बाईंना दुसऱ्या गावी पाठवण्यात येईल. मामंजींनी पत्र तीन वेळा वाचून घेतलं. बालवाडीत मुलं होती सतरा.

त्या वेळी आमच्या शेतात मेंढरं बसली होती. दरवर्षी बानूबाईचा कळप कापणीनंतर रानात येतो. मामंजी स्वतः तिच्या पालावर गेले आणि तिची दोन पोरं, म्हसू आणि अंबा, बालवाडीच्या रजिस्टरात घालून आले. दोन्ही मिळून एकोणीस. विसावं नाव त्यांनी घरातलंच दिलं. भिकू. तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. वय वर्षे सहा लिहिलं असतं तर बालवाडीत बसलं नसतं, म्हणून मामंजींनी उदारपणे दोन वर्षं कमी करून चार लिहिलं.

बानूबाई ताक मागायला आली तेव्हा मी गोजराचे पाय समोर घेऊन बसले होते. ती दारात टेकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"येवडं मोजून काय करायचं असतंया?" तिनं विचारलं.

"तू मेंढरं नाहीस का मोजत? सांजच्याला सगळी आली का नाही, कसं कळतं?"

"मोजाया कशाला पायजे? जी आली न्हाई, ती दिसती की."

मी हसले. ती नाही हसली. ताक घेऊन गेली.

तपासणीचा दिवस उजाडला. मामंजींनी सकाळीच फेटा बांधला, कोंबडं कापायला सांगितलं, आणि जाताना मला बजावलं, "भिकूला आंगडं-टोपडं घालून तितं रांगंत ठिव. पोरगं मांडी घालून बसतुया का, ह्ये बघाया सायब काय जानार न्हाईत."

ते वळणापलीकडे गेल्यावर आत्याबाईंनी भिकूला माझ्या हातातून घेतलं.

"माझ्या पोराच्या डोक्यावर कुनी बोट ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मग एकोणीसच होतील. बालवाडीच बंद होईल."

"हू दे. गावात बालवाडी नव्हती तवा पोरं काय झाडावर ऱ्हात हुती?"

एक्कावन सालचं ते बोट मला आठवलं. मी गोजराचा हात धरला आणि निघाले.

ओसरीत मुलं रांगेनं बसली होती, तेल लावून चपचपीत भांग पाडलेली. म्हसूच्या डोक्याला बानूबाईनं इतकं तेल लावलं होतं की माश्या घसरत होत्या. साहेब जीपमधून उतरले. गावातली एकुलती एक खुर्ची त्यांच्यासाठी मांडली होती. ते बसले, घाम पुसला, हार गळ्यातून काढून मांडीवर घेतला. त्यांच्या मागं मामंजी. बायका समोर चिंचेखाली. आत्याबाईही आल्या होत्या. नात चुकते का ते बघायलाच आल्या होत्या. भिकू त्यांच्या पदराखाली झाकलेला. नुसता एक पाय बाहेर हलत होता.

मामंजींना तो पाय दिसला. त्यांनी रांगेकडे बघितलं, परत पायाकडे बघितलं. फेट्याखालचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"रजिस्टरला वीस," साहेब म्हणाले. "हजर किती?"

रत्नाबाईंनी ओठ ओले केले. मी खांबाआडून डोळ्यांनी मोजलं. मी सातवी पास आहे, मला मोजता येतं; फक्त तोंड उघडता येत नाही. एकोणीस. परत मोजलं. एकोणीस.

साहेबांना उठायचा कंटाळा होता. वाऱ्यावर आमच्या घरच्या रश्श्याचा वास येत होता आणि त्यांचं नाक तिकडे वळत होतं. ते म्हणाले, "मुलांपैकीच कोणी मोजून दाखवा. म्हणजे हजेरीही होईल आणि परीक्षाही." एका बसण्यात दोन कामं उरकल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं.

"गोजरा, ऊठ," रत्नाबाईंच्या तोंडून निघून गेलं. वर्गात मोजणारी तीच होती, दुसरं नाव त्यांना सुचलं तरी कसं असतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

गोजरा उठली. परकर सारखा केला. मी तिला शिकवलं होतं की आधी स्वतःला मोजायचं, नाहीतर माणूस स्वतःलाच विसरतो. बायकांना हे लहानपणीच शिकवलेलं बरं. तिनं आपल्या छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "लाभ."

साहेबांनी मान वर केली. "लाभ? लाभ म्हणजे काय?"

मामंजींना हे विचारायला कोणीतरी हवंच होतं. बुडत्या माणसासारखे ते पुढं आले. "त्ये असं हाय, सायब. खळ्यावर पैली पायली वतताना आमी एक म्हनत न्हाई. का? तर एक म्हंजी एकलं. लाभ म्हंजी वाढतं. आमच्या आज्याच्या टायमाला..." आणि आजोबांच्या काळातलं एक अख्खं पीक त्यांनी साहेबांपुढं ओतायला घेतलं.

गोजरा थांबली नव्हती. तिनं शेजारच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "दोन."

मग म्हसूच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

इतके दिवस मी याच क्षणासाठी मान हलवायची तालीम केली होती. तिनं तीन म्हटलं की ती शेवटी एकोणीसवर येऊन थांबणार. बिनचूक. आणि उद्यापासून बालवाडी नाही, रत्नाबाई नाहीत, 'गप्प बसा बरं' नाही. तीन नाही म्हटलं, तर वीस; पण मग चूक. आणि चूक झाली तर पाळणा. चिंचेखाली बसलेल्या आत्याबाईंना ही चूक कळल्याशिवाय राहणार नाही, कारण ती त्यांचीच चूक होती.

माझी मान हलली नाही. मी खाली माझ्या जोडव्यांकडे बघत राहिले.

गोजरानं जरा वाट बघितली. मग चिंचेकडे बघितलं. आत्याबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"चार," गोजरा म्हणाली.

पुढं ती भराभर गेली. पाच, सहा, सात. अकरा-बारा तिचे आवडते. ते ती गाण्यासारखं म्हणाली. मामंजी अजून आजोबांच्या खळ्यावर होते, साहेब 'असं का, असं का' म्हणत होते. शेवटच्या मुलाच्या टाळूवर तिनं जोरात हात ठेवला. "वीस."

"शाब्बास," साहेब म्हणाले आणि उठले. रजिस्टरात त्यांनी लिहिलं: हजर वीस, मोजणी उत्तम. मग ते रश्श्याकडे निघाले. रत्नाबाईंनी एकदम फळा पुसायला घेतला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

जीप गेली तेव्हा उन्हं कलली होती. मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या आणि राख घेऊन एक तांब्या घासायला लागल्या. एरवी त्या भांडी घासत नाहीत.

"तीन खाल्लं तिनं," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्या ऐकलं. ह्येंनी न्हाई ऐकलं, ह्ये आज्याच्या खळ्यावर हुते." तांब्या आतून, बाहेरून, परत आतून. "बिनचूक म्हनलं हुतं म्या."

"म्हणाला होतात."

"तुज्याकडं बघितलं तिनं. तू मान का न्हाई हालवलीस?"

मी परात पुढं ओढून राख लावली. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. तांब्या विसळून पालथा घातला.

"आनी बोट ठिवनारं तरी कोन, आपलंच लेकरू," त्या म्हणाल्या, "भिकूला रांगंत ठिवलं असतं, तर त्याच्या टाळूवर तिनंच हात ठिवला असता. तिच्या हातानं काय व्हतंय म्हना." उठताना गुडघ्यावर हात टेकून जरा थांबल्या. "सकाळी तिची येनी लवकर घालत जा. रडत बसती आन् बालवाडीला उशीर करती."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी तीच परात दोनदा घासली.

पण घरात गोष्ट राहते थोडीच. रात्री जेवताना आत्याबाईंनीच मामंजींना सांगितलं. मामंजी आधी दचकले, मग हसले, मग पंचासारखे गंभीर झाले.

"सायब परत फाल्गुनात येनार हायती," ते मला म्हणाले. "तवर पोरीला तीन शिकवायचं न्हाई. समजलं? बालवाडीत एक पोर वाढंस्तवर तीन बंद."

आमच्या घरात पूर्वी एका माणसानं तीन बंद केलं होतं, दुःखानं. आता ग्रामपंचायतीनं केलं, ठरावानं. हे ताटात बघत होते. मी ह्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"बघू," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकू झोपला. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या, जाताना म्हणाल्या, "मी बराच येळ येत न्हाई." मी दोरी अंगठ्यात अडकवली आणि गोजराला समोर पाय पसरून बसवलं. तिच्या गळ्यात साहेबांच्या हारातलं एक झेंडूचं फूल होतं, सुकलेलं, पण ती ते काढू देत नव्हती.

"आज तीन घ्यायचं," मी म्हटलं.

"आजोबा नको म्हंत्यात."

"फाल्गुनात विसावं पोर कुठून आणायचं ते आजोबा बघतील. पंच ते आहेत. तू आपली बोटं मोज."

तिनं बराच विचार केला. मग आवाज खाली आणून, भिकूला उठवायचं नसल्यासारखी, मोजायला लागली. लाभ. दोन. मधल्या बोटाला हात लावून थांबली, दाराकडे बघितलं, आणि ओठ हलवून, जवळजवळ मुकाट्यानं, तीन. चार. पाच. हात संपले, पाय सुरू झाले. एकोणीस. शेवटी कणीएवढ्या नखाची ती धुळकट करंगळी राहिली. तिनं ती दोन बोटांत धरली.

"वीस," ती म्हणाली, आणि करंगळीकडे खाली वाकून नीट बघितलं. मग माझ्याकडे बघून बाईंच्या आवाजात म्हणाली, "आजोबांना सांगायचं नाही बरं. गप्प बसा."

मी हाताची घडी घातली आणि गप्प बसले.